शाळेतील भय आणि समता : मुंबई इलाख्यातील एका शैक्षणिक प्रश्नाचा मागोवा

१

शिक्षणशास्त्रात अलीकडे दोन संज्ञा जोडीने वापरल्या जातात. मुलाच्या मनावर झालेल्या आघाताची जाण ठेवून केलेले अध्यापन ही त्यांतील पहिली, आणि समतेला केंद्रस्थान देणारे अध्यापन ही दुसरी. १९९८ मध्ये अमेरिकेत बालपणातील प्रतिकूल अनुभवांचा एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला. मारहाण, अवहेलना ह्यांसारख्या अनुभवांचा परिणाम माणसाच्या पुढील आयुष्यातील आरोग्यावर दीर्घकाळ टिकतो, असे त्याने दाखविले, आणि तेव्हापासून पहिल्या संज्ञेचा प्रसार झाला. ह्या संज्ञा नवीन असल्यामुळे त्यांच्यामागील प्रश्नही नवीन आहे, आणि तोही परदेशातून आलेला आहे, असा समज होण्याचा संभव आहे. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास पाहता हा समज टिकत नाही. आघात सोसून आलेल्या मुलाला शाळेने कसे वागवावे, हा प्रश्न मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून उभा होता. त्याला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे देण्यात आली. त्या उत्तरांचा क्रम लावणे आणि प्रत्येक उत्तराची मर्यादा कोठे पडली हे पाहणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभी एका शब्दाचा विचार करणे अवश्य आहे. ‘शिक्ष्’ ह्या संस्कृत धातूचा अर्थ शिकणे असा आहे, आणि सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राला ‘शिक्षा’ हेच नाव आहे. हिंदी व बंगाली ह्या भाषांत ‘शिक्षा’ म्हणजे विद्यादान. मराठीच्या रूढ व्यवहारात मात्र ‘शिक्षा’ म्हणजे दंड. विद्यादानासाठी मराठीने ‘शिक्षण’ हा वेगळा शब्द राखून ठेवला. केवळ एका अर्थान्तरावरून समाजाविषयी निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल, कारण अर्थान्तराला भाषान्तर्गत कारणेही असतात. तथापि शिकविणे आणि दंड करणे ह्या दोन क्रिया बोलणाऱ्यांच्या मनात एकमेकींपासून फार दूर नव्हत्या, एवढे तरी ह्या शब्दावरून म्हणता येते. पंतोजीच्या शाळेतील छडी, अंगठे धरून उभे राहणे, कान धरून काढलेल्या उठाबशा ह्या गोष्टी मराठी आत्मचरित्रांतून इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे येतात, की त्या अध्यापनाचाच एक भाग मानल्या जात असाव्यात. हे भय सर्व मुलांच्या वाट्याला येणारे होते. परंतु काही मुलांच्या वाट्याला ह्याहून निराळे भय येत असे. ते छडीचे नसून शाळेच्या उंबरठ्याचे होते.

२

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यांचे डिसेंबर १८२३ चे शिक्षणविषयक टिपण ह्या संदर्भात मुळापासून वाचण्यासारखे आहे. अत्यंत खालच्या मानलेल्या जातींची मुले मिशनऱ्यांना उत्तम विद्यार्थी म्हणून आढळतात, हे त्यांनी मान्य केले. परंतु ह्या वर्गाला विशेष उत्तेजन देण्याविषयी त्यांनी सावधगिरीचा इशाराही दिला. हा वर्ग सर्वांत तुच्छ मानला जातो, आणि नवी विद्या प्रथम त्याच्यात रुजली तर ती त्याच्यापलीकडे कधी पसरणार नाही, अशी त्यांची भीती होती. ह्या भूमिकेत मुलाच्या योग्यतेविषयी काही शंका नाही. शंका आहे ती इतरांच्या प्रतिक्रियेविषयी, आणि त्या प्रतिक्रियेचे मोल मात्र मुलाने द्यावयाचे आहे. पुढील शंभर वर्षांच्या सरकारी धोरणाचे बीज येथे सापडते.

हे मोल प्रत्यक्षात कसे वसूल झाले, ते १८५६ च्या धारवाड प्रकरणात दिसते. धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेल्याबद्दल एका महार विद्यार्थ्याने जून १८५६ मध्ये मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दिलेल्या निर्णयात अर्जदाराचा न्याय्य पक्ष तत्त्वतः मान्य केला. पण एका व्यक्तीसाठी ती शाळा इतर बहुसंख्य लोकांना निरुपयोगी होईल असे पाऊल उचलणे योग्य नाही, असे ठरविले. केवळ जातीच्या कारणावरून कोणत्याही मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला जाऊ नये, हे तत्त्व कंपनीच्या संचालक मंडळाने १८५४ मध्येच सांगितले होते. तेव्हा तत्त्व आणि व्यवहार ह्यांच्यामधील अंतर अज्ञानातून पडलेले नव्हते. ते जाणीवपूर्वक राखलेले होते.

३

सरकार इतरांच्या प्रतिक्रियेचा हिशेब करीत होते, त्याच सुमारास पुण्यात ह्याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले जात होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे ह्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि पुढील काही वर्षांत महार-मांग इत्यादी जातींतील मुलांसाठीही शाळा सुरू केल्या. ह्या कामासाठी १८५३ मध्ये स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. त्याआधी, नोव्हेंबर १८५२ मध्ये, विश्रामबागवाड्यातील समारंभात मेजर कँडी ह्यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला होता. ह्या घटना सर्वपरिचित आहेत. येथे अधिक विचार करावयास हवा तो त्या शाळांतून बाहेर आलेल्या एका निबंधाचा.

फुले ह्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता ह्या मांग जातीच्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्राच्या फेब्रुवारी व मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. वेदांवर अधिकार एकाच वर्गाचा असेल, तर ज्यांना ते पाहण्याचीही मुभा नाही त्यांचा धर्म कोणता, हा त्यातील प्रश्न पुष्कळदा सांगितला जातो. परंतु शिक्षणाच्या अभ्यासकाने त्यातील आणखी एका स्थळाकडे लक्ष दिले पाहिजे. वरच्या जातींतील मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी मांग-महारांची मुले तक्रार करीत नाहीत, कारण त्याच घरी उष्टे मागावयास जावे लागते, अशा आशयाचे वर्णन तीत आहे. ह्या वर्णनात आघात आहे, आणि त्याविषयी बाळगावयाच्या मौनाचे कारणही आहे. मूल गप्प बसते ते त्याला काही वाटत नाही म्हणून नव्हे. बोलण्याचा परिणाम काय होईल हे ते जाणते, म्हणून ते गप्प बसते. वर्गातील मूक मुलाला मठ्ठ ठरविण्याची रीत फार जुनी आहे. त्या रीतीचे खंडन एका शाळकरी मुलीने १८५५ मध्येच करून ठेवले आहे.

निबंधाच्या घडणीविषयीही एक गोष्ट नमूद करावयास हवी. फुले ह्यांच्या शाळेने ह्या मुलीला केवळ अक्षरओळख दिली नाही. आपल्याच समाजाचे दुःख हा निबंधाचा विषय होऊ शकतो, हा विश्वासही दिला. क्रमिक पुस्तकांतील नीतिकथा आणि राजांच्या वंशावळी ह्यांच्या जोडीला विद्यार्थ्याचा अनुभव हाही ज्ञानाचा भाग मानला गेला. आघात सोसलेल्या मुलाला तो शब्दांत मांडण्याची सुरक्षित जागा मिळाली पाहिजे, असे आजचे शास्त्र सांगते. ह्या निबंधावरून पाहता अशी जागा पुण्यात तेव्हा निर्माण झाली होती.

४

१८८२ मध्ये विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये जोतीरावांनी त्याच्यापुढे निवेदन सादर केले. त्यातील तीन मुद्दे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. अत्यंत दारिद्र्यामुळे, आणि गुरे राखण्यासाठी व शेतीच्या कामासाठी मुलांची गरज असल्यामुळे शेतकरीवर्ग शाळेपासून दूर राहतो, हा पहिला. ज्या वर्गांत विद्येचा प्रसार झालेला नाही त्यांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, हा दुसरा. तिसरा मुद्दा शिक्षकाविषयी आहे. नांगराची मूठ किंवा सुताराचा वासला हाती धरण्याची लाज न वाटणारा, खालच्या मानलेल्या लोकांत सहज मिसळणारा शिक्षक असावा, अशी त्यांची अपेक्षा होती. मुलाच्या गैरहजेरीचे कारण त्याच्या स्वभावात न शोधता त्याच्या घरच्या परिस्थितीत शोधणे, आणि शिक्षक व मूल ह्यांच्यातील अंतर हे अध्यापनाचेच वैगुण्य मानणे, ही ह्या निवेदनाची दृष्टी आहे.

आयोगाने जातीवरून प्रवेश न नाकारण्याचे १८५४ चे तत्त्व पुन्हा उच्चारले. परंतु ते योग्य त्या सावधगिरीने अंमलात आणावे अशी पुस्ती जोडली, आणि जेथे पुरेशी संख्या असेल तेथे खालच्या जातींसाठी विशेष शाळांना उत्तेजन द्यावे अशी शिफारस केली. जोतीरावांनीही ज्या ठिकाणी एकत्र बसू दिले जात नाही अशा ठिकाणी स्वतंत्र शाळांची मागणी केली होती. दोन्ही सूचना वरवर सारख्या दिसतात. त्यांच्यामागील हेतू मात्र भिन्न आहेत. जोतीरावांना मूल शिक्षणावाचून राहू नये ह्याची चिंता होती, तर आयोगाच्या सावधगिरीत इतरांची नाराजी टाळण्याचा विचार प्रबळ होता.

सावधगिरीचा अर्थ वर्गात काय झाला, ह्याचे सर्वांत स्पष्ट निवेदन डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या आत्मपर टिपणांत आहे. नोव्हेंबर १९०० मध्ये त्यांचे नाव सातारच्या सरकारी शाळेत दाखल झाले. प्रवेश मिळाला होता, म्हणजे १८५४ च्या तत्त्वाचे पालन झाले होते. परंतु वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून आणावा लागे, आणि शाळा झाडणारा नोकर त्याला शिवत नसल्यामुळे तो संध्याकाळी घरी परत न्यावा लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडून दिल्यावाचून पाणी पिता येत नसे. शिपाई नसला तर पाणीही नसे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना संस्कृत घेण्यास प्रतिबंध झाल्यामुळे त्यांना फारसी घ्यावी लागली. फळ्याच्या मागे ठेवलेले डबे आंबेडकर फळ्यापाशी येताच इतर मुलांनी घाईने उचलून घेतल्याचा प्रसंगही चरित्रकारांनी नोंदविला आहे.

ह्या प्रसंगांत कोणी छडी मारलेली नाही. आघात व्यवस्थेतूनच होत आहे, आणि तो रोज, वेळापत्रकाप्रमाणे होत आहे. आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी ह्या विद्यार्थ्याला देणाऱ्या सातारच्या एका शिक्षकाचा उल्लेखही चरित्रग्रंथांत येतो. त्या ममतेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. बाबासाहेबांनीही तिची आठवण ठेवली. परंतु शिक्षकाच्या ममतेने बैठक बदलली नाही आणि नळ उघडला नाही. व्यक्तीचा चांगुलपणा आणि संस्थेची रचना ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीची उणीव दुसरीने पुरती भरून निघत नाही, हा ह्या प्रकरणाचा निष्कर्ष होय.

५

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत लक्ष रचनेकडे वळले. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनी ऑक्टोबर १९०६ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळीने परळ येथे शाळा काढली. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या वसतिगृहांना आश्रय दिला, आणि १९१७ मध्ये संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाची आज्ञा काढली. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याचा हुकूम दिला. संस्थानच्या नोकरवर्गाने अस्पृश्यांशी कसे वागावे ह्याविषयीचे निर्देशही त्याच वर्षीच्या आज्ञापत्रांत आहेत. केवळ प्रवेशाची आज्ञा अपुरी पडते आणि वागणुकीचाही नियम करावा लागतो, हे येथे राज्यकर्त्याने ओळखलेले दिसते. मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत झाला. त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळांचाही समावेश होता.

भाऊराव पाटील ह्यांनी ऑक्टोबर १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू केले. ह्या वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींच्या भेटीच्या वेळी शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. येथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीत जेवीत. सातारच्या ज्या गावी एका मुलाला चोवीस वर्षांपूर्वी गोणपाट घरी न्यावे लागले होते, त्याच गावी ही पंक्त बसत होती. वसतिगृह चालविण्यासाठी लक्ष्मीबाई पाटील ह्यांनी आपले दागिने दिले, हेही विसरता येत नाही. शैक्षणिक दृष्ट्या ह्या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की समता हा तेथे पाठ नव्हता. ती दिनचर्या होती. पाणी भरणे, भाकरी भाजणे, शेतात काम करणे ह्या क्रिया सर्वांनी आळीपाळीने केल्या म्हणजे शिवाशिवीला जागाच उरत नाही. दररोजच्या व्यवहारातून झालेला आघात दररोजच्या व्यवहारानेच भरून काढण्याचा हा मार्ग होता.

६

तथापि वसतिगृहापर्यंत जी मुले पोचलीच नाहीत त्यांचा प्रश्न शिल्लक होता. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) ह्यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढले.

स्थळ व काळ ह्यांचा येथे विचार करावयास हवा. १९४५ हेच वारली आदिवासींच्या उठावाचे वर्ष होय. वेठ, मारहाण आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांची गुलामी पत्करणारी लग्नगडी-पद्धत ह्यांविरुद्ध डहाणू, उंबरगाव भागातील वारली गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले होते. ज्या मुलांना शाळेत आणावयाचे होते, त्यांच्या आईबापांनी पांढऱ्या कपड्यांतील माणसाकडून बहुधा हुकूम आणि मारच अनुभवला होता. अशा मुलाने शिक्षकाला पाहून झाडीत पळून जावे, ह्यात अज्ञान नाही; ते पूर्वानुभवाचे फळ आहे.

बोर्डीच्या हरिजनवाड्यातील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली, आणि हाच शब्द १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने देशभर पोचविला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. गुरे राखण्यामुळे शाळा बुडते, ही जोतीरावांची १८८२ मधील तक्रार होती. तिचे उत्तर सहा दशकांनंतर गुरांच्या मागे शाळा नेऊन दिले गेले. माँटेसरी-पद्धतीची महागडी साधने न आणता बिया, शिंपले, पाने, खडे ही मुलांच्या नित्य परिचयाची वस्तुजात साधने म्हणून वापरली गेली. मुलाला जे माहीत आहे तेथून आरंभ केला म्हणजे पहिल्या दिवशी ते अडाणी ठरत नाही.

हीच गोष्ट भाषेसंबंधी अधिक तीव्रतेने लागू होते. प्रमाण मराठीच्या अध्यापनात ‘शुद्ध’ व ‘अशुद्ध’ ह्या संज्ञा रूढ आहेत. भाषाशास्त्राच्या दृष्टीने वारली मुलाची घरची बोली ही स्वतःचे नियम असलेली भाषाव्यवस्था आहे, आणि तिच्यातील रूप प्रमाणभाषेहून भिन्न असते एवढेच. परंतु ‘अशुद्ध’ हा शब्द व्याकरणात येण्यापूर्वी विटाळाच्या व्यवहारातून आलेला आहे, आणि ज्याच्या घराण्याने तो विटाळ सोसला त्याला तो निव्वळ व्याकरणाचा शब्द म्हणून ऐकू येत नाही. आपल्या आईची भाषा अशुद्ध आहे असे पहिल्याच दिवशी ऐकणारे मूल दुसऱ्या दिवशी बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला शिकविता येत नाही. प्रमाणभाषा शिकविणे आवश्यकच आहे, कारण ती न शिकविणे हाही एक अन्याय होईल. प्रश्न आहे तो ती घरच्या भाषेच्या जोडीला शिकवावयाची की तिचा धिक्कार करून, एवढाच.

७

वरील विवेचनावरून ह्या प्रश्नाच्या उत्तरांत चार टप्पे दिसून येतात. पहिल्यात प्रवेशाचा वाद होता, आणि तो १८५६ मध्ये तत्त्व मान्य करूनही हरला गेला. दुसऱ्यात प्रवेश मिळाला, पण बैठक वेगळी राहिली. तिसऱ्यात कोल्हापूर व सातारा येथे रचनाच बदलण्याचा यत्न झाला. चौथ्यात शाळा मुलाकडे गेली आणि मुलाच्या जगातून आरंभ करू लागली. हे टप्पे काटेकोर कालक्रमाने एकामागून एक आले असे मात्र समजू नये. फुले ह्यांच्या शाळेत चौथ्याची चिन्हे १८५५ मध्येच आहेत, आणि दुसऱ्याचे अवशेष त्यानंतर फार काळ टिकले.

२००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने, १ एप्रिल २०१० पासून, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ ह्यांना बंदी केली. मूल भय, आघात व चिंता ह्यांपासून मुक्त असावे आणि त्याला मोकळेपणाने मत मांडता यावे, ही गोष्ट त्याच कायद्याच्या २९ व्या कलमाने अभ्यासक्रम व मूल्यमापन ह्यांच्या तत्त्वांत समाविष्ट केली. शक्य तोवर माध्यम मुलाची मातृभाषा असावे, हेही त्याच कलमात आहे. भय आणि भाषा ह्या दोन गोष्टी कायद्याने एका ठिकाणी आणल्या, हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही.

परंतु १८५४ चे तत्त्वही स्पष्टच होते. तत्त्व आणि वर्ग ह्यांच्यामध्ये शिक्षक उभा असतो, आणि त्याच्या पाठीमागे त्याला घडविणारी संस्था असते. अध्यापक विद्यालयांच्या अभ्यासक्रमात बालमानसशास्त्राचे परकीय सिद्धान्त शिकविले जातात, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला मुक्ताचा निबंध, सातारच्या वर्गातील गोणपाट आणि बोर्डीचे अंगण ह्यांचा अभ्यास व्हावयास हवा. कोपऱ्यात गप्प बसलेले मूल कोणत्या इतिहासातून तेथे येऊन बसले आहे, हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे, तो त्याला मठ्ठ म्हणण्यापूर्वी थांबेल. एवढे थांबणे साधले तरी शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा एक मोठा भाग पुरा झाला असे म्हणता येईल.